साबुदाण्याचा पूर्वपक्ष

पडद्यावर एक्केचाळीस वाक्यं होती आणि त्यांतली अडतीस राखाडी. काळी ठरलेली वाक्यं उणीपुरी तीन. त्यांतलं एक तर हेमांगीने वैतागून लिहिलं होतं आणि खोडायचं राहून गेलं होतं : 'हे यंत्र बनवणाऱ्याला एकदा जुलैमधल्या एफ.वाय.च्या वर्गावर उभं करायला हवं.'

"सात टक्के," नसीमा तांबोळी म्हणाली. ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि विद्यापीठाने यंत्राची जबाबदारी तिच्या गळ्यात मारली होती. "मॅडम, मी मोठ्याने वाचून दाखवणार नव्हते, पण नियम आहे."

"साठ लागतात ना?"

"साठ."

हेमांगी खांबेटेने कपाळावरची पट्टी सोडली. पट्टीचा वळ कुंकवाच्या वरून गेला होता. सत्तावीस वर्षं सांगलीच्या या कॉलेजात ती युक्तिवादी लेखन शिकवत होती. तिच्या नोट्सच्या झेरॉक्स मिरजेपासून जतपर्यंत पोचल्या होत्या. मुलं पेपरला बसायच्या आधी त्या नोट्सना नमस्कार करायची, असं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आता एक कापडाची पट्टी म्हणत होती की बाईंनी सबंध निबंधात तीनदाच विचार केला, आणि त्यातला एक यंत्राला शिव्या घालण्याचा.

हे सगळं झालं त्याला कारण दुसरी यंत्रं. निबंध लिहिणारी यंत्रं दहा वर्षांत इतकी हुशार झाली की निबंध तपासण्यात काही राम उरला नाही. पोरं यंत्राकडून लिहून आणायची, मास्तर यंत्राकडून तपासून घ्यायचे, आणि दोघंही मधल्या वेळात चहा प्यायचे. मग एका प्रयोगशाळेला जोडलहर सापडली. माणूस मनात दोन वेगळ्या गोष्टी नव्याने एकमेकींना जोडतो, म्हणजे विहीर आटली, म्हणून दोर लांब लागतोय, असं त्याला आतून उमगतं, तेव्हा मेंदूतले दोन लांबचे भाग अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ एका ठेक्यात चालतात. पाठ केलेलं आठवताना हा ठेका लागत नाही. तिथे फक्त कोठारातला माल बाहेर निघतो. पट्टी कपाळाला बांधून लिहायला बसायचं. वाक्य लिहिताना किंवा बोलताना लहर उठली तर ते काळं उमटतं, नाही तर राखाडी. वाक्य खरं की खोटं, हे पट्टीला कळत नाही. तुमचं म्हणणं साफ चुकीचं असेना, तिथे बसून तुम्ही ते जोडलेलं असलं की काळं.

लोकांनी पट्टीचा खेळ केला. एका पुढाऱ्याने हौसेने शोकसभेत ती बांधली आणि मागच्या पडद्यावर त्याचं भाषण आदरणीयपासून विनम्र श्रद्धांजलीपर्यंत अखंड राखाडी उमटलं. बायका लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याला पट्टी बांधून 'आता बोला' म्हणू लागल्या. विद्यापीठाने मात्र खेळ केला नाही. लेखन शिकवणाऱ्याने आधी स्वतः साठ टक्के काळा निबंध लिहून दाखवावा, विषय आपल्या आवडीचा. महिन्याच्या अंतराने तीन संधी. नाही जमलं तर वर्ग काढून घेणार आणि जूनपासून परीक्षा विभागात अर्जांवर शिक्के मारायला बसवणार.

हेमांगीला शिक्क्यांचं भय नव्हतं. पण वर्ग नाही म्हणजे काय, याची कल्पनाही तिला करवत नव्हती. नवरा नोकरीपायी नाशिकला, लेक परदेशी. घरी सासूबाई आणि देव. बाकी जे काय होतं ते वर्गात होतं.

"विषय काय घेतला होतात?" नसीमाने विचारलं.

"लोकसंस्कृती : काल, आज आणि उद्या."

"मॅडम, याच्यावर मीसुद्धा राखाडीच लिहीन."

त्या दिवशी संकष्टी होती. स्टाफरूममध्ये हेमांगीने डबा उघडला. पट्टी आणि पडदा अजून मेजावरच होते. तिचं मन काही ताळ्यावर नव्हतं. सकाळी देवापुढे म्हटलेलं स्तोत्र तिने पट्टी बांधून पुन्हा म्हणून पाहिलं. अथपासून इतिपर्यंत राखाडी. तिचे डोळे भरून आले.

"अहो, माझा नमाजही राखाडीच येतो," नसीमा म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी बघितलं. ज्याच्यासाठी म्हणायचा तो काय पट्टी बघत बसलाय? पुसा डोळे. खिचडी गार होतेय." मग डब्यात डोकावून तिने विचारलं, "एक विचारू? वीस वर्षं विचारीन म्हणतेय. आमच्या रोजाला काहीच चालत नाही, ते सोपं आहे. तुमच्याकडे पोळी चालत नाही आणि हे चालतं. का?"

"कारण आपल्या उपासाच्या पानात प्राचीन अरण्यजीवनातल्या कंदमुळांचा वारसा आहे."

दोघींनी एकदमच पडद्याकडे पाहिलं. हेमांगीने पट्टी काढलीच नव्हती.

"राखाडी," नसीमा म्हणाली. "आणि साबुदाणा तर शाबूकंदाचा. तो कंद दक्षिण अमेरिकेतला. मिरची तिकडचीच, बटाटा तिकडचा, शेंगदाणाही. तुमच्या डब्यात आपल्याकडचं जुनं काय आहे ते सांगा."

हेमांगीने डब्यात पाहिलं. "जिरं," ती म्हणाली. आणि तिला भयंकर राग आला. नसीमाचा नाही, खिचडीचा.

*

कंदमुळांचा वारसा हे वाक्य प्रभुदेसाई सरांचं होतं. डॉक्टर श्रीनिवास प्रभुदेसाई, तिचे मार्गदर्शक. व्रतांतल्या अन्नावरचा त्यांचा ग्रंथ चाळीस वर्षं प्रमाण मानला जात होता. हेमांगीने त्याच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं तपासली होती. सर आता ब्याऐंशी वर्षांचे होते, विश्रामबागेत राहत होते, आणि ती दर गुरुवारी त्यांच्याकडे जाऊन पाया पडून येत होती. सरांचं वाक्य चुकीचं असेल हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते बरोबर आहे का, हेही आलं नव्हतं.

तिने सासूबाईंना विचारलं. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आई, साबुदाणा का चालतो?"

"अगं, चालतो म्हणून चालतो. तुझ्या सरांना विचार. एवढं पुस्तक लिहिलंय."

"त्यांचं माहीत आहे. तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? आमच्या माहेरी कोल्हापुरात खिचडीवर कोथिंबीर चालायची. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच एकादशीला घातली, तर सासूबाईंनी भांडं तसंच्या तसं गाईपुढे ठेवलं."

"मग? तुम्ही विचारलं नाही का म्हणून?"

"काय विचारायचं? दिवसभर भूक लागली होती." सासूबाईंनी एक किडकी गवार बाजूला टाकली. "गाय मात्र आवडीने खात होती."

पुढचे आठ दिवस हेमांगी चिडचिड करत हिंडत होती. परक्या मुलखातून आलेलं सगळंच चालतं म्हणावं, तर टोमॅटो चालत नाही, तोही तिकडचाच. मग एके सकाळी कढणासाठी मिरी कुटताना तिचा हात थांबला. मिरं चालतं. मिरची यायच्या आधी तिखट म्हणजे मिरंच. पंगतीत मिऱ्याचा पाट होता, त्यावर मिरची येऊन बसली. सुरणाच्या पाटावर बटाटा बसला. साबुदाणा म्हणजे कंदाचाच चीक, तोही त्याच ओळीत सरकून बसला. टोमॅटोसारखं उपासाच्या पंगतीत आधी कुणी नव्हतंच, म्हणून तो दाराबाहेर. रानाचा वारसाबिरसा काही नाही, रिकामे होणारे पाट आहेत!

ती एकटीच मोठ्याने हसली. हे सरांचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं. तिने लगेच वही काढून सगळं लिहून काढलं. मग सुवाच्य अक्षरात उतरवलं. मुद्दे, उपमुद्दे, दोन वचनं, समारोप. आणि मग, आजवर प्रत्येक गोष्टीचं करत आली तसं, रोज दिवा लावून झाला की एक परिच्छेद याप्रमाणे तीन आठवड्यांत तिने तो निबंध तोंडपाठ केला.

दुसऱ्या संधीला तिने तो एका दमात लिहिला. एक काना इकडचा तिकडे नाही.

"अकरा टक्के," नसीमा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

"शक्य नाही! माझं आहे हे! नसीमा, शपथ घेऊन सांगते, मी स्वतः काढलंय, मिरी कुटताना!"

"तुमचंच आहे हो. छानही आहे. पण पाठ आहे. जोड लागली ती स्वयंपाकघरात. इथे तुम्ही फक्त आठवलंत." नसीमा जरा थांबली. "मॅडम, रागावू नका. तुम्ही स्वतःलाच नोट्स दिल्यात."

हेमांगी रागावली. घरी जाईपर्यंत तिने रिक्षावाल्याशी, वॉचमनशी आणि कुलपाशी भांडण केलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचं पत्र आलं : परीक्षा विभागातली तिची जागा ठरली होती, टेबल क्रमांकासकट. तिसरी संधी चुकली तर एक जूनला हजर व्हायचं.

*

सरांना सांगितल्याशिवाय त्यांच्या विरुद्ध लिहायचं, हे तिच्याने होईना. गुरुवारी ती पाया पडली आणि उभ्याउभ्याच तिने सगळं बोलून टाकलं. मिरं, पाट, टोमॅटो, सगळं.

सर आरामखुर्चीत होते. ऐकताना त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"झालं?"

"हो, सर."

"सत्तावीस वर्षं माझं वाक्य शिकवलंस. आता टक्के कमी पडले म्हणून ते खोटं झालं?"

"तसं नाही, सर. मला खरंच वाटतं..."

"तुला वाटतं! उद्या मला वाटेल की कृष्णा उलटी वाहते. शेंगदाणा कुणाच्या पाटावर बसला? सांग की. शेंग आहे ती, कडधान्य. मूग चालत नाही, मटकी चालत नाही, हरभरा चालत नाही. मग शेंगदाणा कसा चालतो?"

हेमांगीने मनात एकेक पाट तपासून पाहिला.

"जमिनीखाली येतो म्हणून! उपटून काढावा लागतो, माती झटकावी लागते. लोकांच्या डोळ्याला तो कंद दिसला. म्हणजे कंदमुळं आलीच ना? माझंच खरं झालं ना?" सरांचा आवाज चढला आणि त्यांना खोकला आला. तिने पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. "काय लिहायचं ते लिही. माझं नाव घालू नकोस त्यात."

ती दाणदाण जिना उतरली. इतक्या वर्षांत सर तिच्याशी इतकं कधी बोलले नव्हते. ते सांगायचे आणि ती लिहून घ्यायची, एवढंच. आणि मुख्य संताप याचा, की शेंगदाण्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

त्यानंतर तिने वहीला हात लावला नाही. लावला असता तर पाठ झालं असतं. रोजचा जप, रोजचं स्तोत्र चालू ठेवलं. शेंगदाणा आठवला की मोठ्याने दुसरंच काही बोलू लागायची. "हिला काय झालंय?" सासूबाईंनी मुलाला फोनवर विचारलं. "कूट मागितला की दचकते."

*

तिसऱ्या संधीच्या दिवशीही पट्टी तशीच आवळत होती. वेळ दोन तास. पडदा रिकामा.

काय लिहायचं हे ठाऊक नसताना लिहायला बसणं हेमांगीच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. पोहता येत नसताना विहिरीच्या काठावर उभं राहावं तसं तिला वाटलं. मग तिला आपल्याच नोट्समधली एक ओळ आठवली : जुने शास्त्रकार आधी पूर्वपक्ष मांडत, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं. ही ओळ दोन गुणांना यायची. ते कसं मांडत, हे तिने कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. प्रतिपक्षी समोर बसलाय, आणि त्याने ऐकून 'हो, असंच म्हणायचंय मला' म्हणत मान डोलवली पाहिजे, तर तो पूर्वपक्ष.

सरांचं नाव न घेता ती सरांची बाजू लिहू लागली. त्यांच्यावर राग धरून, त्यांच्या चढलेल्या आवाजात. ग्रंथातली वाक्यं घ्यायची नव्हती, म्हणून तिला ती बाजू पायापासून बांधावी लागली. आणि बांधताना दिसू लागलं की ती भक्कम आहे. कोठारात साठवलेलं धान्य त्या दिवशी टाळायचं आणि जमिनीने आयतं दिलेलं खायचं, यात एक नम्रता आहे. वाक्यं काळी येत होती. शेंगदाणा इथे बसत होता. तिच्या पाटांच्या पंगतीत बसत नव्हता. तिने तसं लिहिलं. 'या मुद्द्यावर माझं पूर्वीचं म्हणणं टिकत नाही.' काळं. तिला रडू यायच्या बेतात होतं.

'पण मग मुळाही जमिनीखालीच येतो,' तिने लिहिलं. 'गाजरही. त्यांना पानात जागा नाही.' काळं.

म्हणजे सरांचंही टिकत नव्हतं.

मग बारा मिनिटं काहीच नाही. नसीमा काचेपलीकडून घड्याळाकडे आणि हिच्याकडे आलटून पालटून बघत होती. हेमांगीच्या मनात पाठ असलेले सगळे समारोप रांगेत येऊन उभे राहिले. 'अशा रीतीने असे दिसून येते की'. एकेकाला तिने हाकलून दिलं. तिला ते भांडं आठवलं, गाईपुढे ठेवलेलं. कोल्हापूर ते सांगली, पन्नास किलोमीटर. तीच देवता, तीच एकादशी, तीच कोथिंबीर. तिथे चालते, इथे नाही. कंद नाही, पाट नाही, कुठलाच नियम हे सांगू शकत नाही.

'कोथिंबिरीचं उत्तर नियमात सापडत नाही,' तिने लिहिलं. 'मग ते कुणीतरी दिलेलं असणार. कुठल्या तरी स्वयंपाकघरात, उपासाच्या दिवशी, हातात नवी वस्तू घेऊन एक बाई उभी राहिली असणार. हे देवाला चालेल का, असं तिने स्वतःला विचारलं असणार, आणि भूक, भाव, शेजारीण, सासू हे सगळं तोलून ठरवलं असणार. कुणी पाटाकडे पाहून ठरवलं, कुणी मातीकडे पाहून. पुढच्या बायकांनी निर्णय ठेवला आणि तिचं तोलणं विसरलं गेलं. उपासाची यादी म्हणजे अशा विसरलेल्या निर्णयांची यादी आहे. आज आपण जे विचार न करता पाळतो, ते कधीतरी कुणीतरी विचार करूनच ठरवलेलं होतं.'

सगळं काळं. ती घाईने पुढे गेली : 'अर्थात यामुळे उपासाचं पावित्र्य यत्किंचितही कमी होत नाही.'

राखाडी.

"अगं बाई," हेमांगी पडद्याला म्हणाली. हे वाक्य ती महिनाभर स्वतःला बजावत होती. तिने ते खोडलं. पुन्हा लिहिलं, वेगळ्या शब्दांत. पुन्हा राखाडी. सात मिनिटं उरली. आतापर्यंत लिहिलेलं पुरेसं होतं की नव्हतं, देव जाणे. हे एक वाक्य गाळून टाकलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. पण निबंध मग तिथे लंगडला असता, आणि ते तिला दिसलं असतं. तिने डोळे मिटले आणि मग लिहिलं : 'यामुळे माझा उपास खोटा ठरतो का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तोवर मी तो करणार आहे. आजवर तो मला मिळालेला होता. आता ठरवायची पाळी माझी आहे.'

तिने पट्टी सोडली आणि पडद्याकडे पाठ करून बसली.

"मॅडम," नसीमा दार ढकलत आली. "चौसष्ट! बघा तरी."

"नको," हेमांगी म्हणाली. "डोकं ठणकतंय. चहा सांग."

*

वर्ग राहिला. पहिल्याच दिवशी मुलांनी पेनं सरसावली आणि विचारलं, "मॅडम, मुद्दे?" तिने सांगितलं, "माहीत नाहीत." तासभर वर्गात जो गोंधळ झाला त्याबद्दल शेजारच्या वर्गातून दोनदा तक्रार आली. मुलं वैतागली, ती त्यांच्याहून वैतागली. तीन पालकांनी प्राचार्यांना जुन्या नोट्स परत सुरू करण्याविषयी अर्ज दिला.

उत्तीर्ण झालेले निबंध विद्यापीठाच्या संकेतस्थळावर रंगांसकट लावले जात. सर सगळं वाचतात, हे तिला ठाऊक होतं. तिने सरांचं नाव घातलं नव्हतं. पण कंदमुळं म्हटल्यावर कुणाची, हे लहान पोरही सांगेल. सरांचा फोन आला नाही. निबंध लागल्यावर दोन गुरुवार ती गेली नाही. तिसऱ्या गुरुवारी गुरुपौर्णिमा होती. न जाणं तिला जमलंच नसतं.

सरांनी हार घेतला, नमस्कार घेतला. 'बैस' म्हणाले नाहीत. हवापाण्याचं बोलले, सासूबाईंची चौकशी केली. निबंधाचं अवाक्षर नाही. शेवटी ती "येते, सर" म्हणून दाराशी गेली आणि चपला घातल्या.

"मुळा," सर मागून म्हणाले.

ती वळली.

"आमच्याकडे चालायचा मुळा. गुहागरला. कोवळा, किसून, दह्यात. तू सरसकट नाही चालत म्हणून लिहिलंस. कुणाला विचारलं होतंस?"

"तुमच्या ग्रंथात आहे, सर. वर्ज्य कंदांच्या यादीत. पान एकाहत्तर."

"माहीत आहे मला पान." सरांनी हाराची एक पाकळी तोडली, बोटांत चुरगळली. "माझ्या सरांच्या यादीत तसं होतं. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बसून ती उतरवून घेत होतो. ओसरीवर." ते थांबले. "एकादशीच होती. आई समोर बसून मुळा किसत होती."

हेमांगीने दाराची चौकट धरली.

"आता तिथे दारात काय उभी राहिलीस?" सर एकदम खेकसले. "आत ये. तुझा तिसरा परिच्छेदसुद्धा कच्चा आहे."

हेमांगीने चपला काढल्या.